बाहेर केलेल्या स्केचवरून झाड रंगवताना ते झाड राहत का नाही?

रानवाट

बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आहे, म्हणून धागा काढते आहे.

गेली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तरी बाहेर बसून मी झाडांची स्केचेस करते. साधी वही, २बी आणि ४बी पेन्सिल, घडीचं स्टूल. ही स्केचेस मला मनापासून आवडतात. फांदी कुठून निघाली, कुठे वाकली, कुठे दुसरीच्या मागे गेली हे त्यात दिसतं. घोडं अडतं ते घरी. तेच झाड मोठ्या कागदावर जलरंगात घ्यायला बसले की ते कुठलंही झाड होऊन जातं.

आत्ता डोक्यात आहे ते चिंचेचं एक जुनं झाड. खोड कमरेएवढ्या उंचीवर दुभंगतं, उजवी फांदी बरीच आडवी जाते आणि मग कोपरात वाकवलेल्या हातासारखी वर वळते. सकाळी आठला बसले, साडेदहाला उठले. स्केच झकास झालं. त्यावरून आतापर्यंत तीन चित्रं केली. पहिल्यात पर्णसंभार म्हणजे हिरव्या कापसाचे गोळे. दुसऱ्यात पानं नीट काढायची ठरवलं, तर दोन संध्याकाळी पानं काढण्यात गेल्या आणि झाडावर ठिपके पडल्यासारखं दिसायला लागलं. तिसऱ्यात सावल्या गडद करायला गेले आणि सगळा रंग मेला.

खोट स्केचमध्ये आहे की रंगवण्यात, हेच मला उमगत नाहीये. बाहेरच्या स्केचवरून घरी रंगवणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निळी शाई

अगदी माझाच प्रश्न. वाचतेय.

ओला कागद

रानवाट, उत्तर द्यायच्या आधी एक विचारतो. त्या स्केचच्या पानावर शब्दांत काय लिहिलंय? आणि सावल्या कुठल्या बाजूला आहेत? स्केच समोर ठेवून सांगा, आठवून नको.

रानवाट

समोरच आहे. कोपऱ्यात तारीख आहे. दोन ठिकाणी ‘हिरवा’ आणि एका ठिकाणी ‘गडद हिरवा’ असं लिहिलंय. सावल्या... आत्ता बघताना लक्षात आलं, खोडाची सावलीची बाजू डावीकडे आहे, पण आडव्या फांदीवर मी सावली खालून आणि थोडी उजवीकडूनही भरली आहे. वरच्या पानांच्या झुबक्यांत तर दोन्हीकडे आहे.

ओला कागद

वाटलंच होतं. तुम्ही अडीच तास बसलात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो साधारण साडेसदतीस अंश पुढे गेला. खोड तुम्ही आठच्या उन्हात काढलंत आणि शेंडा दहाच्या उन्हात. समोर झाड असताना डोळा हे सगळं जुळवून घेतो. घरी रंगवताना मात्र हातात दोन वेगवेगळ्या उजेडांतली अर्धी-अर्धी झाडं असतात. ती एकत्र बसत नाहीत, मग आपण नकळत सगळीकडे मध्यम छटा भरतो. रंग मेला असं तुम्ही म्हणता, त्याचं मूळ इथे असावं.

मी काय करतो ते लिहितो. बसल्याबरोबर पहिल्या दहा मिनिटांत काडेपेटीएवढी चौकट आखतो आणि त्यात फक्त तीन छटा: कोरा कागद, मधला करडा, गडद. डोळे इतके बारीक करायचे की पानं दिसेनाशी झाली पाहिजेत. झाडाचे चार-पाच मोठे आकार उरतात आणि प्रत्येकाची एक बाजू उजळ, एक अंधारी. एवढं उतरवून झालं की उजेड त्या चौकटीत गोठला. बाजूला बाण काढून सूर्य कुठे आहे ते आणि घड्याळातली वेळ लिहायची. पुढे दोन तास बसा हवं तर, फांद्या काढा, साल काढा, पण सावल्यांना हात लावायचा नाही. घरी छायाप्रकाश त्या छोट्या चौकटीतून घ्यायचा आणि बांधणी मोठ्या स्केचमधून.

आता शब्दांबद्दल. ‘हिरवा’ हा शब्द घरी गेल्यावर काहीच सांगत नाही. तुलना लिहा. ‘गवतापेक्षा निळसर’, ‘खोडापेक्षा उजळ, आकाशापेक्षा बराच गडद’, ‘मागच्या झाडापेक्षा पिवळा’. तुलना आठवड्यानंतरही खरी राहते, कारण चित्रातही ते दोन रंग शेजारीच येणार असतात. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले, त्यातल्या कितीतरींच्या मागे तारीख, दिवसाची वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे. व्हॅन गॉग पत्रांतून स्केचेस पाठवायचा आणि त्यात जागच्या जागी रंगांची नावं लिहायचा. एवढ्या मोठ्या माणसांना पानावर लिहायची गरज वाटत होती, तर आपण का संकोच करायचा?

सावली९

एवढा खटाटोप कशाला? फोन असतोच खिशात. स्केच करायचं, निघताना फोटो काढायचा, घरी रंग फोटोवरून घ्यायचे. मी तसंच करतो आणि मला अडचण येत नाही.

ओला कागद

सावली९, फोटोला माझा विरोध नाही. फांद्या कुठे जोडल्या आहेत हे तपासायला मीही बघतो. रंग आणि छटांसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. झाडाखालच्या सावलीत डोळ्याला जांभळट, तपकिरी, हिरवट असं बरंच काही दिसत असतं. फोटोत आकाशाचा उजेड नीट यावा म्हणून तीच सावली बहुतेक वेळा काळी होऊन बसते, किंवा सावली नीट आली तर आकाश पांढरं फटक. पानांच्या फटींतून दिसणारं आकाशही आजूबाजूच्या पानांना खाऊन टाकतं. त्या काळ्या सावलीवरून रंगवलं की चित्रातलं झाड कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

सावली९

सावल्या काळ्या होण्याचं म्हणणं पटलं. माझ्या चित्रांत खोड नेहमी जरा जास्तच काळं येतं, ते यामुळे असेल.

साल_आणि_मूळ

मी वनस्पतिशास्त्राकडून चित्रकलेकडे आले, त्यामुळे माझं लक्ष आधी सांगाड्यावर जातं. कापसाचे गोळे होतात त्याचं कारण मला तिथे दिसतं.

बहुतेक जण फांद्या फक्त डावीकडे आणि उजवीकडे काढतात. झाड चारी बाजूंनी वाढलेलं असतं, म्हणजे ढोबळमानाने पाव फांद्या सरळ आपल्या अंगावर येत असतात आणि पाव आपल्यापासून दूर जात असतात. अंगावर येणारी फांदी लांबीला आखूड दिसते, एखाद्या गाठीसारखी. ती काढायला अवघड, म्हणून स्केचमध्ये सुटते. मग झाड पंख्यासारखं सपाट होतं आणि पानांचे गोळे कशावर ठेवायचे तेच कळत नाही. मी स्केचमध्ये अंगावर येणाऱ्या फांदीच्या टोकाला छोटा गोल करते आणि मागे जाणाऱ्या फांदीवर फुली मारते. रंगवताना गोल असलेल्या फांदीचा झुबका सर्वात उजळ आणि कडा स्पष्ट. फुलीवाला निळसर, फिका, कडा विरघळलेल्या. एवढ्यानेच झाडाला पोट येतं.

दुसरं जाडीचं. लिओनार्दोने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते. हे छेदाच्या क्षेत्रफळाबद्दल घ्यायचं. म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाचं खोड दोन सारख्या फांद्यांत फुटलं, तर प्रत्येक फांदी ५ सेंटिमीटरची नसते, साधारण ७ सेंटिमीटरची असते. प्रत्येक झाड हा हिशेब काटेकोर पाळतं असं नाही, पण चित्रासाठी तो चांगलाच उपयोगी आहे. हात सवयीने ५च काढतो आणि फांदी बाहेरून खोचल्यासारखी दिसते. आणखी एक: फांदी दोन फाट्यांच्या मधे फारशी बारीक होत नाही, फाटा फुटला की होते. गाजरासारखी सतत निमुळती होत जाणारी फांदी दिसली की समजावं, ती बघून काढलेली नाही.

पानांची मांडणीही बघून ठेवा. साग, पेरू, जांभूळ यांची पानं समोरासमोर जोडीने येतात. वड, पिंपळ, आंबा यांची एकाआड एक. लांबून पान दिसत नसलं तरी डहाळीची ठेवण यावर ठरते आणि झाडाची बाह्यरेषा त्यावरून ओळखू येते. आंब्याची पानं डहाळीच्या टोकाला दाटीने येऊन खाली झुकतात, म्हणून आंब्याची कड झुपकेदार. तुमच्या चिंचेचं उलट आहे. एका संयुक्त पानात दहा-पंधरा जोड्या बारीक पर्णिका, म्हणजे छोटी छोटी पानं. त्यामुळे चिंचेची कड धुरासारखी असते आणि तिच्यातून उजेड गाळून येतो. आणि चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात! सकाळचं स्केच आणि तिन्हीसांजेचं स्केच शेजारी ठेवून बघा, संध्याकाळी त्याच झाडातून जास्त आकाश दिसतं.

निळी शाई

गोल आणि फुलीची युक्ती आजच वापरणार. चिंच संध्याकाळी मिटते हे माहीत होतं, पण त्यामुळे चित्र बदलेल हे कधी सुचलं नव्हतं.

केशरकाडी

रंगांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, थोडं लांबेल.

ट्यूबमधला हिरवा तसाच लावू नका. सॅप ग्रीन पूर्वी बकथॉर्न नावाच्या झुडपाच्या फळांपासून करत आणि तो उडून जाई. आजचा सॅप ग्रीन बहुधा दोन-तीन रंगद्रव्यांचं मिश्रण असतं, दर कंपनीचं वेगळं. व्हिरिडियन या हिरव्याचं पेटंट १८५९ मध्ये घेतलं गेलं. रंग टिकाऊ आणि सुंदर, पण झाडांत तसा थंड हिरवा क्वचितच दिसतो. हे रंग पॅलेटवर असू द्यात, मिसळायला. एकटे नकोत.

माझा पाया आहे अल्ट्रामरीन (निळा), लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). अल्ट्रामरीन आणि लेमन यलोचा हिरवा आधीच थोडा मवाळ असतो. उन्हातल्या भागाला पिवळा जास्त, सावलीला निळा जास्त, आणि सावली जड करायची तर त्यात काळा न घालता बर्न्ट सिएना. सावली मरते ती काळ्याने किंवा तीन-चार रंग घोटून घोटून. दोन रंग कागदावरच एकमेकांत मिसळू दिले की सावलीला जीव राहतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट बाहेर बघायची आहे. एक जाडसर, तुकतुकीत पान हातात धरा, आंब्याचं किंवा वडाचं. सूर्य पाठीशी ठेवून बघा: पानाच्या वरच्या बाजूवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि तो भाग फिका, निळसर-करडा दिसतो. जवळपास हिरवा नसतोच. आता तेच पान सूर्याच्या आड धरा. उजेड पानातून आरपार येतो आणि ते पोपटी-पिवळं पेटतं. एकच पान, दोन अगदी वेगळे रंग. झाडावर हे दोन्ही प्रकार एकाच वेळी चालू असतात: वरच्या बाजूला थंड उजळपणा, आणि उन्हाच्या विरुद्ध बसलात तर कडेच्या पानांत उबदार उजळपणा. दोन्हीला एकच ‘हायलाइट’ म्हणून पिवळा लावला की झाड प्लॅस्टिकचं होतं. स्केचवर मी फक्त दोन अक्षरं लिहिते, ‘प’ म्हणजे परावर्तित आणि ‘आ’ म्हणजे आरपार.

रंगवायचा क्रम असा: आधी झुबक्याचा उजळ रंग, मोठ्या ब्रशने, कडेला ब्रश आडवा घासून, म्हणजे कागदाच्या दाण्यावर कड आपोआप तुटक येते. तो ओलसर असतानाच खालच्या बाजूने सावलीचा रंग सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. पूर्ण वाळू द्यायचं. जलरंग वाळल्यावर फिकटतात, म्हणून ओलं असताना घाबरून थांबू नका. शेवटी आतल्या अंधाऱ्या फटी, त्यांत दिसणारे फांद्यांचे तुकडे, आणि पानं म्हणाल तर कडेला दोन-तीन जागी, जिथे नजर जावी असं वाटतं तिथेच.

पानांतून दिसणाऱ्या आकाशाच्या फटी उघड्या आकाशापेक्षा किंचित गडद ठेवा. फट जितकी लहान तितकी गडद. तशाच पांढऱ्या सोडल्या तर त्या पुढे उडी मारतात.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी परत येते आहे, कारण तोंडी आभार मानण्याआधी करून बघायचं होतं.

पुन्हा त्याच चिंचेखाली गेले. आठला पहिली चौकट केली, दहा मिनिटांत. डोळे बारीक केल्यावर कळलं की जिला मी दोन वर्षं झाडाचा मुख्य भाग समजत होते ती आडवी फांदी छटेच्या हिशेबाने जवळजवळ दिसतच नाही. ती आणि तिच्यामागची सावली एकाच गडद आकारात मिसळली आहे. दिसते ती फक्त कोपराची वरची कड, एक बोटभर उजेड. माझ्या तिन्ही चित्रांत मी ती फांदी दोन्ही बाजूंनी बाह्यरेषा देऊन पूर्ण काढली होती.

मग फांद्यांना गोल आणि फुल्या केल्या. अंगावर येणाऱ्या तीन फांद्या निघाल्या. जुन्या स्केचमध्ये एकही नव्हती. जाडीही मोजली, पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून: खोड पेन्सिलवर चार बोटं, फुटल्यावरची डावी फांदी तीन बोटांना थोडी कमी. जुन्या स्केचमध्ये ती दोन बोटांची आहे.

शब्द असे लिहिले: ‘डावा झुबका गवतापेक्षा फिका आणि निळा (प)’, ‘उजवी कड सगळ्यात पिवळी (आ)’, ‘खोडाची सावली जमिनीवरच्या सावलीपेक्षा गडद, पण लालसर’. शेवटचं वाक्य लिहिताना मला स्वतःलाच नवल वाटलं. खोडाखालच्या सुक्या मातीवरून उजेड उसळून खोडाच्या सावलीत तांबूसपणा येत होता.

घरी चौथं चित्र केलं. आडवी फांदी गडद आकारात हरवू दिली, कोपराचा उजेड म्हणजे कोरा कागद ठेवला. पर्णसंभार तीन वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या तीन थरांत. पानं डावीकडे वर एकाच जागी, पंधराएक टिंबं. कडा बऱ्याचशा धुरासारख्या आल्या. शेंड्याकडे थोडं जास्त पाणी झालं आणि एक झुबका मागच्या आकाशात वाहून गेला. तरी हे माझं चिंचेचं झाड आहे. घरातल्या ज्यांनी ते झाड पाहिलंय, त्यांनी न सांगता ओळखलं. हे दोन वर्षांत पहिल्यांदा झालं.

ओला कागद

वा! कोपराच्या उजेडाबद्दल वाचून फार आनंद झाला. वाहून गेलेल्या झुबक्याला हात लावू नका, मागच्या बाजूचा असेल तर तो तसाच बरा दिसेल.

निळी शाई

छोट्या रोपांना, गवताला हेच लागू होतं का? मला मोठ्या झाडांपेक्षा पायाशी उगवलेलं जास्त आवडतं.

साल_आणि_मूळ

निळी शाई, थोडं वेगळं आहे. झाडात आपण पानं विसरून आकार धरतो. पायाशी वाकून बघताना प्रत्येक पानाची दिशा महत्त्वाची. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५०३ सालचं गवताच्या तुकड्याचं जलरंगातलं चित्र बघा, व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. नजर जवळजवळ जमिनीच्या पातळीवर ठेवली आहे, म्हणून हाताएवढं गवत रानासारखं उभं राहतं. त्यातली डँडेलियन नावाची रानफुलं मिटलेली आहेत, आणि ती तशीच काढली आहेत.

रोपाच्या स्केचमध्ये आधी देठांच्या रेषा काढा, नुसत्या वळणदार काड्या, जमिनीतून निघतात तिथपर्यंत. मग प्रत्येक पानाची मधली शीर. पानाची कड सगळ्यात शेवटी. वळलेल्या पानात शीर मधे तुटते आणि पलीकडून पुढे जाते, ती दोन टोकं एकमेकांच्या रोखात आली की पान आपोआप वळतं. केळीच्या पानावर सराव करा. वाऱ्याने ते उपशिरांना समांतर फाटतं, त्यामुळे वळण कसं जातंय ते फाटलेल्या पट्ट्याच दाखवतात.

निळी शाई

आणि वारा असेल तर? माझं गवत कधी स्थिर नसतंच.

साल_आणि_मूळ

वाऱ्यात गवत दर झुळुकीनंतर साधारण त्याच जागी परत येतं. ती परत यायची जागा धरा, झुकलेली नको. पाच-सहा झुळुका नुसतं बघत बसा, पेन्सिल खाली ठेवून. मग काढा.

रानवाट

हे उद्या सकाळी करून बघते. चिंचेखाली बरंच गवत आहे.